७×१९ केबल पंखांना नको
बायप्लेनची (एकावर एक दोन पंख असलेल्या विमानाची) कंट्रोल हलवणारी ७×१९ केबल (१९-१९ तारांचे ७ पीळ) लवचीक, म्हणून पंख ताणून धरायलाही तीच लावा, हे इथल्या चर्चेतलं मत पटलं नाही. लवचीकता पुलीवरून वळणाऱ्या केबलला हवी. पंखांमधली तार कुठेच वळत नाही. तिथे १×१९ (१९ तारांचा एकच पीळ) बरी, कमी ताणते.

केबलऐवजी लावतात त्या स्ट्रीमलाइन रॉडला (हवा कापणाऱ्या चपट्या आकाराची पोलादी सळी) हवेचा अडथळा फारच कमी, हे मान्य. खिशाला जड, ते वेगळं. पण फ्लाइंग वायर (उडताना पंखांचा भार घेणारी) आणि लँडिंग वायर (जमिनीवर पंखांचं वजन पेलणारी) एकमेकींना छेदतात तिथे आडवी दांडी लागते, पिट्स किंवा स्टिअरमन या बायप्लेनवर दिसते ती 'जॅवलिन', हे कुणीच लिहिलं नाही. ती नसेल तर रॉड थरथरतात आणि टोकाच्या आट्यांपाशी फटीगने (सततच्या थरथरीने धातू थकून) तुटू शकतात. आणि ताण जुळवताना रॉड पकडीने पिळू नका हो! ओरखडा पडला की चीर तिथूनच. खाच पाडलेली लाकडी पट्टी वापरा.