मदत हवी आहे: नवऱ्याचं घोरणं थांबवायला खात्रीचं काय आहे? तातडीने सांगा

देवगडची_लेक | १२ मार्च, रात्री १:५०

सगळं करून झालं. उशी बदलली, ओव्याची पुरचुंडी हुंगायला दिली, नाकावर लावायच्या पट्ट्या आणल्या. फरक शून्य. पडवीत झोपले तरी माजघरात आवाज येतो. मुलगा दहावीला आहे, पेपर चालू आहेत, त्याची झोप होत नाही. हनुवटीला बांधायचा एक पट्टा ऑनलाइन मिळतो, तो मागवू का? की दुसरं काही खात्रीचं आहे? उद्या सकाळी ऑर्डर करायची आहे. कृपया ‘डॉक्टरकडे जा’ एवढंच लिहू नका, डॉक्टरकडे जाऊन आलोय.

नारळीपोफळी | १२ मार्च, सकाळी ६:३५

उताणे झोपतात का? माझे सासरे उताणे झोपले की घर हलायचं, कुशीवर असले की आवाज नाही. सासूबाईंनी बनियनला पाठीमागे खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घातला. उताणं व्हायला गेले की टोचतो, आपोआप कूस बदलते. आमच्याकडे उपयोग झाला. पैसे घालवण्याआधी करून बघा.

निवृत्त_पोस्टमन | १२ मार्च, सकाळी ७:१०

देशी गाईचं तूप कोमट करून रात्री दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब. मी अकरा वर्षं करतोय. बाजारातलं तूप नको, घरी कढवलेलंच हवं. रात्रीचं दही आणि केळं बंद करा.

डॉ_शेवरी | १२ मार्च, सकाळी ९:०५

ताई, पट्टा आज मागवू नका. नाक चोंदत असेल आणि वर तोंडही बांधलं तर त्रास वाढेल. मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे, रत्नागिरीत असतो. थोडं विचारतो: वय, वजन, उंची किती? बीपी, शुगर? घोरताना मध्येच श्वास थांबतो का? दिवसा पेंग येते का? दारू, झोपेची गोळी? काम काय करतात? आणि डॉक्टरांना तुम्ही नेमकं काय सांगितलंत?

देवगडची_लेक | १२ मार्च, दुपारी २:२०

एवढं सगळं कशाला लागतं कळलं नाही, पण लिहिते. वय ४६, वजन ८४, उंची साडेपाच फुटाला एखादा इंच कमी. बीपी आहे, तीन गोळ्या चालू आहेत तरी वरचा आकडा दीडशेच्या खाली येत नाही, पण तो विषय वेगळा. डॉक्टरकडे त्यासाठीच गेलो होतो, त्यांनी गोळी बदलून दिली. घोरण्याचं सांगितलं नाही, ते काय सांगायचं. शुगर नॉर्मल. रात्री चारदा लघवीला उठतात, सकाळी डोकं जड असतं. दारू शनिवारी, तीही थोडी. घोरणं मध्येच थांबतं, ती शांतता असते तेवढ्यात माझा डोळा लागतो. मग गुदमरल्यासारखा मोठा आवाज करतात आणि परत सुरू. पट्टा नको तर मग काय, ते कोणी सांगेल का?

सावंतवाडी_६५ | १२ मार्च, दुपारी ३:०५

चार वेळा लघवीला म्हणजे प्रोस्टेट. माझं अगदी असंच होतं. मी दोन वर्षं दुर्लक्ष केलं, मग एक दिवस पूर्ण अडली आणि मध्यरात्री रिक्षा करून जावं लागलं. सोनोग्राफी करून घ्या, रक्ताची पीएसए तपासणीही करा. संध्याकाळी सातनंतर पाणी आणि चहा बंद. सोलकढीसुद्धा दुपारीच घ्यायची.

डॉ_शेवरी | १२ मार्च, रात्री ८:४०

पुरुषाच्या चाळिशीनंतर प्रोस्टेट तपासणं चूक नाही. पण इथे धागा दुसरीकडे जातोय.

ताई, ज्या शांततेत तुम्हाला झोप लागते त्या शांततेत त्यांचा श्वास बंद असतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि टाळू मागे येऊन वाट बुजते. छाती ओढ घेत राहते, हवा आत जात नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मेंदू धोका ओळखून क्षणभर जागं करतो, तोच तो गुदमरल्याचा आवाज. सकाळी त्यांना यातलं काही आठवत नाही. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. दहा सेकंद किंवा जास्त श्वास थांबला की एक थांबा मोजतात, श्वास अर्धवट अडला तर तोही धरतात. तासाला ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र.

बीपीचा विषय वेगळा नाही, तोच हा विषय आहे. रात्रभर दर दोन मिनिटांनी शरीर घाबरून उठत असेल तर तीन गोळ्यांनीही बीपी उतरत नाही, हे आम्ही नेहमी बघतो. लघवीचंही तसंच. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना हृदयाच्या वरच्या कप्प्यावर ताण येतो, तिथून एक संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंड जास्त लघवी बनवतं. उपचार न झाल्यास हृदयाचे ठोके अनियमित होणं, पक्षाघात, मधुमेह यांचा धोका वाढतो.

आज रात्री दहा मिनिटांचा व्हिडिओ काढा. आवाज आणि छाती दोन्ही दिसू द्या. तो डॉक्टरांना दाखवा आणि स्लीप स्टडी मागा. घरी करायचीही असते: बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी, एक रात्र. आणि काम काय करतात ते राहिलं.

दापोली_मास्तर | १२ मार्च, रात्री १०:१५

मी सात वर्षं अ‍ॅप्नियासाठी सीपॅप मशीन लावून झोपतो. माझा आकडा तासाला ३८ होता, वर्गात फळ्यासमोर उभ्या उभ्या पेंगायचो. मशीन काही औषध सोडत नाही. खोलीतलीच हवा थोड्या दाबाने मास्कमधून नाकात ढकलते, त्या दाबाने घसा उघडा राहतो, बस. ही युक्ती सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये पहिल्यांदा मांडली. मला पहिले पंधरा दिवस नकोसं झालं, मास्क काढून फेकायचो. सोळाव्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा डोकं दुखत नव्हतं.

आपल्याकडे खरी अडचण विजेची. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस लाईट नव्हती. मी बारा व्होल्टच्या बॅटरीवर कन्व्हर्टर लावून, ह्युमिडिफायर बंद ठेवून मशीन चालवलं. ह्युमिडिफायर वीज फार खातो. पावसाळ्यात तसाही मी तो लावत नाही, हवेत ओल पुरेशी असते.

निवृत्त_पोस्टमन | १३ मार्च, सकाळी ६:५०

जन्मभर नळी लावून झोपायचं हा काय उपाय झाला? मशीन विकणाऱ्यांचा धंदा होतो. जयपूरच्या डॉक्टरांनी शंख वाजवून अ‍ॅप्नियात फरक पडतो हे २०२५ मध्ये छापून दाखवलंय. आमच्या देवळात मी रोज सांजआरतीला शंख फुंकतो, वय ७१, घोरत नाही. घशाला व्यायाम द्या.

डॉ_शेवरी | १३ मार्च, सकाळी ९:३०

तो अभ्यास मी वाचलाय. त्याची टिंगल करणार नाही, शंखाने घशाचे स्नायू बळकट होतात हे पटण्यासारखं आहे. पण रुग्ण ३०, तेही मध्यम आजाराचे, आणि सहा महिन्यांनी तासाला चार-पाच थांबे कमी झाले. ज्याचे पन्नास असतील त्याचे पंचेचाळीस राहिले तर त्याचं काय भलं झालं? शंख वाजवा, पण तपासणी टाळून नको.

निवृत्त_पोस्टमन | १३ मार्च, सकाळी १०:००

तपासणी टाळा असं मी म्हटलेलं नाही. माझं वाक्य परत वाचा.

किनारा_किनारा | १३ मार्च, दुपारी १२:१५

मशीन लावून हार्ट अ‍ॅटॅक टळत नाही असं मोठ्या अभ्यासात निघालंय ना? मग एवढे पैसे कशाला? त्यापेक्षा वजन कमी करायचं इंजेक्शन घ्यावं.

डॉ_शेवरी | १३ मार्च, दुपारी १:४०

२०१६ चा तो अभ्यास अडीच हजारांवर रुग्णांचा होता आणि त्यात हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत, हे खरं. पण त्या लोकांनी मशीन रात्रीला सरासरी सव्वातीन तासच लावलं होतं, आणि ज्यांना दिवसा फार पेंग येते त्यांना अभ्यासात घेतलंच नव्हतं. दिवसाची पेंग, मनःस्थिती आणि कामाला मुकलेले दिवस यांत फायदा त्यातही दिसला. वजनाचं म्हणाल तर दहा टक्के उतरलं की थांबे सरासरी पाव हिश्शाने कमी होतात. इंजेक्शनपैकी टिर्झेपॅटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठ व्यक्तींच्या अ‍ॅप्नियासाठी मान्यता मिळाली. पण वजन उतरायला महिने लागतात. तोपर्यंतच्या रात्रींचं काय?

नारळीपोफळी | १३ मार्च, दुपारी ४:००

ताई, डॉक्टर दोनदा विचारून गेले, यजमान काम काय करतात? आणि दिवसा झोप येते का तेही लिहिलं नाहीत.

देवगडची_लेक | १३ मार्च, रात्री ११:२०

आमची पिकअप आहे. सध्या हंगाम, आठवड्यातून चार रात्री आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीला जातात. संध्याकाळी निघतात, पहाटे मार्केटला लागतात, दुपारी परत. पेंग येणारच ना, रात्रभर जागरण असतं. गेल्या आठवड्यात कशेडीच्या अलीकडे गाडी रस्ता सोडून खडीवर गेली. सोबतच्या पोराने स्टिअरिंग ओढलं म्हणून वाचले. हे म्हणतात दिवसभर उन्हात पेट्या भरल्या म्हणून झालं. गाडीचा हप्ता आहे, हंगाम दोन-अडीच महिन्यांचा, घरी बसून चालणार नाही. म्हणून तर सुट्टीच्या रात्री मी सासूबाईंची झोपेची अर्धी गोळी देते, एक रात्र तरी गाढ झोपतील.

डॉ_शेवरी | १३ मार्च, रात्री ११:४५

ताई, ती गोळी आजपासून बंद. श्वास अडल्यावर त्यांना जी जाग येते तीच त्यांना वाचवते. गोळीने आणि दारूने घसा आणखी सैल पडतो आणि जागही उशिरा येते. गाढ झोप दिसते, ती झोप नसते.

आणि उद्याची फेरी त्यांनी चालवायची नाही. उपचार न घेतलेल्या अ‍ॅप्नियात अपघाताचा धोका इतरांपेक्षा दुपटीहून जास्त असतो, इथे तर एकदा गाडी उतरून झाली आहे. खिडकी उघडणं, तोंडावर पाणी मारणं, मोठ्याने गाणी लावणं, यातलं काही पेंग थांबवत नाही. मेंदू दोन-तीन सेकंद झोपतो आणि माणसाला कळतही नाही. साठच्या वेगात तीन सेकंदांत गाडी पन्नास मीटर जाते.

मालवणी_बाय | १४ मार्च, सकाळी ६:००

गे बाय, तेका आज गाडी चालवूक देव नको. माझो भाव असोच गेलो, रातचो, हायवेर. हप्तो मागसून भरूक येता. बाकी काय लिहूक जमणा नाय.

सावंतवाडी_६५ | १४ मार्च, सकाळी ८:२०

रस्त्याचं काम इतकी वर्षं रखडलं, मध्येच वळण, मध्येच डायव्हर्जन, पट्टे नाहीत. चांगला झोपलेला ड्रायव्हरही चुकेल. आधी त्याबद्दल कोणी बोला.

किनारा_किनारा | १४ मार्च, सकाळी ८:४५

रस्त्याचा धागा वेगळा आहे, तिथे लिहा. ताई, माझा चुलतभाऊ खारेपाटणला असतो, पिकअप चालवतो. फेरीवर येईल. निरोप केलाय, बघा.

देवगडची_लेक | १४ मार्च, सकाळी ९:३०

निरोप बघितला. आज तो जातोय. हे रागावले आहेत, काल रात्रीपासून बोलत नाहीत. मी व्हिडिओ काढला. मोबाईलचं घड्याळ लावून मोजलं, एकदा ४१ सेकंद श्वास नव्हता. तो दाखवल्यावर काही न बोलता उठून बागेत गेले.

देवगडची_लेक | ६ एप्रिल, दुपारी ३:१०

फोंडाघाटाने कोल्हापूरला जाऊन आलो. तपासणी घरीच झाली. तासाला ५४ थांबे, ऑक्सिजन ७१ पर्यंत खाली. मशीन सध्या महिन्याच्या भाड्याने आणलंय. पहिल्या रात्री दोन तासांत काढून टाकलं. मिशीमुळे मास्क फुसफुसतो आणि हवा डोळ्यांत जाते, मिशी काढायला तयार नाहीत. मास्तर, तुम्ही काय केलंत?

दापोली_मास्तर | ६ एप्रिल, संध्याकाळी ७:००

मिशी मलाही आहे. पट्टे आवळू नका, आवळले की उलट जास्त फुसफुसतो. नाकपुड्यांत बसणाऱ्या मऊ उश्यांचा मास्क मिळतो, तो मिशीच्या वर राहतो. तोंड उघडं पडत नसेल तरच तो चालेल. भाड्याने देणाऱ्याकडून बदलून घ्या, आणि दाब हळूहळू चढायची सोय चालू करून द्या. दुपारी टीव्ही बघताना अर्धा तास नुसता लावून बसवा, सवय होते.

देवगडची_लेक | १९ एप्रिल, सकाळी ६:१५

मास्क बदलला. काल सलग साडेपाच तास लावला, एकदाच उठले. बीपी परवा १३८ होतं, गोळ्या त्याच आहेत. गाडी अजून खारेपाटणचा मुलगाच नेतोय, डॉक्टरांनी महिनाभराचं मशीनमधलं रेकॉर्ड बघून सांगतो म्हटलंय. काल रात्री घरात आवाजच नव्हता. मी दोनदा उठून त्यांच्या छातीवर हात ठेवून बघितला.

दापोली_मास्तर | १९ एप्रिल, सकाळी ७:३०

फार बरं वाटलं. नळी आणि मास्क आठवड्यातून एकदा साध्या साबणाच्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. मशीनच्या मागचा फिल्टर काढून बघत राहा, मिरगानंतर तो आपल्याकडे लवकर काळा पडतो.