घरक्रमांकांच्या कोड्यात ६ कुठून येतो, आणि दुसऱ्या समीकरणात तो का चालत नाही?

प्रश्न

रामानुजन केंब्रिजमध्ये असताना, १९१४ साली, प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी त्यांना ‘स्ट्रँड’ मासिकातले एक कोडे वाचून दाखवले होते. रस्त्याच्या कडेला ओळीने घरे असून त्यांना १ पासून क्रमांक दिलेले आहेत. त्यांतील एका घराच्या एका बाजूच्या सर्व क्रमांकांची बेरीज दुसऱ्या बाजूच्या बेरजेइतकी भरते. घरे पन्नासाहून अधिक आणि पाचशेहून कमी असतील, तर उत्तर २८८ घरांपैकी २०४ वे घर असे येते.

घरांच्या संख्येवरील अट काढून मी संगणकावर पुढची उत्तरे शोधली, तेव्हा १, ६, ३५, २०४, ११८९, ६९३० अशी क्रमिका मिळाली. मागच्या पदाची सहापट करून त्याच्याही मागचे पद वजा केले की पुढचे पद येते. हे का घडते आणि या सूत्रातून एखादे उत्तर निसटत तर नाही ना, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न असा की क्ष² − २य² = ७ या समीकरणासाठी य च्या किमती १, ३, ९, १९, ५३, १११ अशा मिळाल्या, पण येथे ६ × ३ − १ = १७ येते, ९ नाही. इतर गुणक घेऊनही जमले नाही.

उत्तर १

एकूण घरे म आणि आपले घर न मानल्यास कोड्यातली अट म(म + १)/२ = न² अशी होते. दोन्ही बाजूंना ८ ने गुणून १ मिळवला की डावीकडे (२म + १)² तयार होतो. त्याला क्ष² म्हटल्यास क्ष² − ८न² = १ हे समीकरण हाती येते. आपल्या परंपरेत यालाच वर्गप्रकृती म्हणतात; पाश्चात्य गणितात त्याला पेल समीकरण म्हणतात, पण पेल यांचे नाव गणिती ऑयलरच्या गैरसमजामुळे चिकटले आहे.

इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने दाखवले की अशा समीकरणाच्या दोन उत्तरांपासून तिसरे उत्तर बनवता येते. या कृतीला भावना म्हणतात. येथे सर्वांत लहान उत्तर क्ष = ३, न = १ आहे. कोणत्याही (क्ष, न) शी त्याची भावना केली की (३क्ष + ८न, क्ष + ३न) मिळते: (३, १) वरून (१७, ६), मग (९९, ३५), मग (५७७, २०४). (जाता जाता: शुल्बसूत्रांतील २ च्या वर्गमुळाची किंमत ५७७/४०८ आहे, आणि ४०८ म्हणजे २०४ ची दुप्पट.)

आता ६ कडे वळू. पुढचे पद ३न + क्ष आहे. उलट भावना केली, म्हणजे (३, १) ऐवजी (३, −१) शी भावना केली, तर मागचे पद ३न − क्ष येते. दोघांची बेरीज करताना क्ष नाहीसा होतो आणि ६न उरते. म्हणजे गुणक हा सर्वांत लहान क्ष च्या दुप्पट असतो. ८ च्या जागी ६१ घेतल्यास भास्कराचार्यांनी ११५० मध्ये चक्रवाल पद्धतीने काढलेले लहानात लहान उत्तर क्ष = १७६६३१९०४९ आहे, त्यामुळे तेथे हाच गुणक ३५३२६३८०९८ होतो. अशी क्रमिका संगणकावर एकेक संख्या तपासून कोणालाही सापडली नसती.

उत्तर २

उत्तरे निसटतात का, हा प्रश्न वरच्या उत्तरात राहून गेला. न हा १ पेक्षा मोठा असेल, तर ८न² + १ हे ९न² पेक्षा लहान असते, म्हणून क्ष < ३न, आणि उलट भावनेने मिळणारे ३न − क्ष धन राहते. शिवाय क्ष हा २न पेक्षा मोठा असल्याने ते न पेक्षा लहानही असते. म्हणजे कोणतेही उत्तर घेऊन मागे मागे गेलो, तर पायऱ्या उतरल्याप्रमाणे शेवटी १ वरच पोहोचावे लागते. तेव्हा एकही उत्तर सुटत नाही.

७ च्या समीकरणात आपले गुणक शोधण्याचे श्रम वाया जाणारच होते. पुढचे पद = अ × मागचे + ब × त्यामागचे असे सूत्र असते, तर ३अ + ब = ९ आणि ९अ + ३ब = १९ व्हायला हवे होते; पण पहिल्याची तिप्पट २७ होते.

येथे भावना क्ष² − २य² = १ या समीकरणाच्या (३, २) या उत्तराशी करायची, म्हणजे (क्ष, य) वरून (३क्ष + ४य, २क्ष + ३य) काढायचे. मग (३, १) वरून (१३, ९) आणि (७५, ५३) मिळतात, तर (५, ३) वरून (२७, १९) आणि (१५७, १११). म्हणजे दोन घराणी एकमेकांत मिसळून आपल्याला एक यादी दिसत होती. एक पद सोडून पाहिल्यास ६ पुन्हा भेटतो: ६ × ९ − १ = ५३, ६ × १९ − ३ = १११. य ६ किंवा त्याहून मोठा असेल तर उलट भावनेने तो धन राहून लहान होतो, आणि १ ते ५ मध्ये १ व ३ एवढेच चालतात. म्हणून तिसरे घराणे नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आभारी आहे. उलट भावना (३, १) वरच करून पाहिली, तेव्हा (५, −३) आले, त्याच्या मागे (२७, −१९), त्याच्याही मागे (१५७, −१११). म्हणजे −१११, −१९, −३, १, ९, ५३ ही एकच क्रमिका असून ६ चे सूत्र तिच्यात सलग चालते. ऋण चिन्हे पुसल्यामुळे मला ती दुमडलेली दिसत होती.