एमएस्सी गणितासाठी मॅटलॅब विकत घेऊ की ऑक्टेव्हवर भागेल?

कृष्णाकाठ_२३
नमस्कार मंडळी, एमएस्सी मॅथ्स पहिलं वर्ष, सांगली. न्यूमेरिकल ॲनालिसिसचं प्रॅक्टिकल चालू झालंय, सर मॅटलॅबवर शिकवतात, म्हणजे आकडेमोडीचं पेड सॉफ्टवेअर. घरी जुना लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम. बाबा म्हणतायत स्टुडंट व्हर्जन घेऊन टाक, पैशाचं बघू, पण मला माहितीये ते कुठून काढणार ते. रूममेट म्हणतो क्रॅक टाकून देतो, ते मला नकोय. मॅटलॅबसारखंच चालणारं ऑक्टेव्ह फुकट आहे पण पुढे नेट-सेट, पीएचडी करायचं झालं तर अडेल का?

गिरणगाव_इंजिनीअर
आधी कॉलेजात विचार, पैसे नंतर. बऱ्याच ठिकाणी कॅम्पस लायसन्स, म्हणजे कॉलेजने सगळ्यांसाठी घेतलेलं, असतं आणि पोरांना कोणी सांगतच नाही, कॉलेजच्या ईमेल आयडीने लॉगिन केलं की झालं. नसेल तर मॅटलॅब ऑनलाइनचं बेसिक खातं फुकट मिळतं, महिन्याला २० तास, ब्राउजरमध्येच चालतं म्हणजे तुझ्या रॅमवर ताण नाही. विकत घ्यायची खरी गरज आम्हा कंट्रोल सिस्टीमवाल्यांना पडते, मॅटलॅबमधल्या सिम्युलिंकला (ब्लॉक जोडून मॉडेल चालवायचं साधन) ऑक्टेव्हमध्ये पर्याय नाही. सायलॅब या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एक्सकॉस नावाचं तसंच साधन आहे पण सिम्युलिंकच्या फाइली त्यात जशाच्या तशा उघडत नाहीत. तुझ्या न्यूटन-रॅफसन आणि रुंगे-कुट्टा या पद्धती ऑक्टेव्हवर आरामात होतील.
फक्त एक सांभाळ. ऑक्टेव्हमध्ये एंडइफ, एंडफॉर लिहिलेलं चालतं, हॅशने कॉमेंट टाकलेली चालते, मॅटलॅब ते घेत नाही. घरी चाललेला प्रोग्रॅम परीक्षेच्या दिवशी लॅबमध्ये लाल एरर देतो मग घाम फुटतो. पहिल्यापासून नुसतं एंड आणि कॉमेंटला टक्क्याचं चिन्ह अशी सवय लाव.

फळा_आणि_खडू
मी १४ वर्षं बीएस्सीला शिकवतेय. मॅक्सिमा बघितलंस का बाळा? आकड्यांऐवजी अक्षरांतली गणितं सोडवतं, फुकट आहे, जुन्या मशिनवरही चालतं. वर्गात मी मुद्दाम एक इंटिग्रल देते, ई रेज टू मायनस एएक्स, शून्यापासून इन्फिनिटीपर्यंत. एंटर मारलं की मॅक्सिमा उत्तर देत नाही, उलट विचारतं, ए पॉझिटिव्ह, निगेटिव्ह का झिरो? वर्गात एकदम शांतता. कारण वहीत सगळ्यांनी न विचार करताच एक भागिले ए लिहिलेलं असतं. पॉझिटिव्ह टाइप केलं की तेच उत्तर येतं, पण ती अट आता पोरं विसरत नाहीत. शिकायच्या वयात असं अडवणारं सॉफ्टवेअर मला फार मोलाचं वाटतं.
आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर सायलॅबचे धडे मराठीतून आहेत, तेही बघ.

शून्य_ते_अनंत
पीएचडीचं विचारलंस म्हणून लिहितो. मी एमएस्सीला एक पेड पॅकेज घेतलं होतं, नाव घेत नाही. कोर्स संपला, लायसन्स संपलं, आणि दोन वर्षांच्या फाइली डोळ्यासमोर असून एक ओळ रन करता येईना, गाईडला दाखवायचं होतं तेव्हा सगळं पहिल्यापासून टायपून काढलं, आठ दिवस गेले त्यात. तेव्हापासून सेज हे गणिताचं फुकट सॉफ्टवेअर वापरतो. २००५ मध्ये विल्यम स्टाइननी सुरू केलं, आतमध्ये मॅक्सिमा, ग्रुप थिअरीचं गॅप, नंबर थिअरीचं पारी सगळं आहे आणि भाषा पायथन. एस-फोरचे (चार वस्तूंच्या अदलाबदलींचा ग्रुप) सबग्रुप विचारले की ३० च्या ३० पुढ्यात मांडतं, ॲब्स्ट्रॅक्ट अल्जिब्रा करणाऱ्याला यापेक्षा काय पाहिजे. विंडोजवर टाकायला जरा किचकट आहे, डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय, लागते, ४ जीबीवर तर नकोच, त्यापेक्षा सेजमॅथसेल म्हणून वेबपान आहे त्यावर चालव.

कृष्णाकाठ_२३
मॅडम, दादा, खूप आभार. आज ऑफिसात विचारलं, कॅम्पस लायसन्स नाहीये. ऑक्टेव्ह टाकलं, बायसेक्शनचं पहिलं प्रॅक्टिकल चाललंसुद्धा, सगळीकडे नुसतं एंड लिहिलंय. बाबांना आत्ताच फोन केला की पैसे नकोत. मॅडम, ए ला निगेटिव्ह टाइप केलं तर मॅक्सिमा म्हणतं इंटिग्रल डायव्हर्जंट आहे, म्हणजे उत्तर अनंताला जातं, ते ग्राफ काढून बघत बसलोय.