प्रति: सिवाला कॅमेरा नेताना

वरती विचारलंय की इजिप्तच्या वाळवंटातल्या सिवा या मरूद्यानाला फक्त वाईड लेन्स (मोठा परिसर एका फोटोत घेणारी) पुरेल का, तर माझ्या मते नाही पुरणार. मी गेलो तेव्हा तीच एक लेन्स घेऊन गेलो होतो आणि मग शाली किल्ल्यावरून खाली खजुराची झाडी, मागे मिठाची तळी, त्याच्याही मागे वाळू असे थर दिसत होते पण फोटोत सगळं बारीक बारीक होऊन बसलं, तिथे टेलिच (लांबचं जवळ दाखवणारी लेन्स) पाहिजे.

शाली म्हणजे मीठ आणि चिखल मिसळून बांधलेली गढी आहे, त्या मिश्रणाला तिकडे कर्शेफ म्हणतात, १९२६ साली जोराचा पाऊस झाला आणि बरीचशी विरघळलीच! आपल्या बडोद्याचा पावसाळा तिथे एक आठवडा जरी झाला ना तर काही शिल्लक राहायचं नाही. त्या भिंतींचा पोत संध्याकाळच्या तिरक्या उन्हातच येतो, दुपारी सगळं सपाट.

मिठाच्या तळ्यांपाशी एक गोष्ट नक्की करा, एक्स्पोजर एक स्टॉप प्लसला ठेवा (म्हणजे कॅमेरा सांगतो त्याच्या दुप्पट उजेड घ्या), नाहीतर कॅमेरा फसतो आणि पांढरं शुभ्र मीठ राखाडी येतं. माझे पहिल्या दिवसाचे सगळे फोटो असेच आलेत, घरी दांडिया बाजारात आईला दाखवले तर म्हणाली हे काय सिमेंट आहे का.

वाऱ्यात लेन्स बदलू नका. आणि बायकांचे फोटो विचारल्याशिवाय अजिबात नको, गाव जुन्या वळणाचं आहे.