काचेवरचा स्टिकरचा चिकटा : आपण कसा काढलात?

गाडीच्या काचेवरचा स्टिकर निघतो, पण त्याचा चिकटा मागे राहतो आणि त्यावर धूळ बसून तो काळा पडतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाल्यापासून बँक बदलणाऱ्यांना आणि जुनी गाडी घेणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो. कोणता स्टिकर, कोणत्या काचेवरून आणि कशाने काढला, हे कृपया तपशिलाने लिहावे.

पुणे
मी सुरुवात करतो. फास्टॅग दुसऱ्या गाडीला लावता येऊ नये म्हणून तो काढताना फाटेल असाच बनवलेला असतो, त्यामुळे तो अखंड निघावा असा आग्रह धरू नये. आधी बँकेकडून तो बंद करून घ्यावा. हेअर ड्रायरने कोमट करून जुन्या प्लॅस्टिक कार्डाने कोपरा उचलला, तेव्हा वरचा थर निघाला आणि खाली पांढरा, केसाळ चिकटा उरला. डॅशबोर्डवर टॉवेल अंथरून त्या चिकट्यावर खोबरेल तेलाचा बोळा पंधरा-वीस मिनिटे दाबून ठेवला. नंतर अंगठ्याने चोळताच त्याच्या वळ्या होऊन निघू लागल्या. शेवटी काच साबणाच्या पाण्याने धुणे अत्यावश्यक आहे, कारण तेलाचा पुसटसा थर राहिला तरी रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांचा प्रकाश त्यावर फाकतो.

नागपूर
आमच्याकडच्या उन्हात वर्षानुवर्षे तापलेला चिकटा वाळून कडक होतो आणि त्याला तेल फारसे पुरत नाही. अशा वेळी आयसोप्रोपिल अल्कोहोल उपयोगी पडले. मात्र तापलेल्या काचेवरून ते क्षणात उडून जाते, म्हणून गाडी सावलीत उभी करून, काच निवल्यावर, भिजलेल्या कापसावर प्लॅस्टिकचा तुकडा दाबून ठेवावा. तापलेल्या काचेवर गार पाणी कधीही ओतू नये.

कोल्हापूर
माझी गाडी जुन्या बाजारातली. तिच्या मागच्या काचेला आतून काळी सनफिल्म होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अशा फिल्मवर बंदी घातली, तरी ती तशीच राहिली होती. मागच्या काचेबाबत माझे सांगणे कळकळीचे आहे : आतल्या बाजूला ज्या बारीक तपकिरी आडव्या रेषा दिसतात, त्या डिफॉगरच्या (काच तापवून तिच्यावरचे बाष्प घालवणाऱ्या यंत्रणेच्या) तारा असून त्या काचेच्या पोटात नसून पृष्ठभागावर छापलेल्या असतात. तिथे ब्लेड चालवले की रेष तुटते आणि त्या ओळीत काच तापत नाही. शेजाऱ्यांच्या गाडीचे एका गॅरेजमध्ये नेमके हेच झाले. म्हणून मी काच साबणाच्या पाण्याने आतून ओली करून त्यावर काळी प्लॅस्टिकची पिशवी चिकटवली आणि गाडी दुपारभर उन्हात ठेवली. ऊब आणि ओल दोन्ही मिळाल्याने फिल्म कोपऱ्यापासून सावकाश, मोठ्या तुकड्यांत सुटत गेली. उरलेला चिकटा साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने, रेषांच्या दिशेनेच, उभा हात न फिरवता पुसला. वेळ पुष्कळ लागला, परंतु पावसाळ्यात सगळ्या रेषा व्यवस्थित तापल्या.

झुरिच
इथे महामार्गासाठी ४० फ्रँकचे वार्षिक विन्येट, म्हणजे टोल भरल्याचा स्टिकर, समोरच्या काचेवर लावतात आणि मुदत संपलेले काढावे लागते. मी काच ओली करून, काचेसाठीच मिळणारी पात्याची खरवडणी अगदी आडवी धरून वापरते. कोरड्या काचेवर पाते फिरवल्यास मधल्या धुळीच्या कणांनी ओरखडे उठतात. ऑगस्ट २०२३ पासून विन्येट ऑनलाइन, स्टिकरविनाही मिळते, त्यामुळे ही कटकट टळू शकते.

ठाणे
नेलपॉलिश रिमूव्हरबद्दल एक सावधगिरी : त्यातील ॲसिटोनचा थेंब डॅशबोर्डवर किंवा दाराच्या प्लॅस्टिकवर पडला तर तिथला पृष्ठभाग विरघळून पांढरा डाग राहतो. पेट्रोल तर बंद गाडीत अजिबात वापरू नये. दाराच्या काचेवरचा सोसायटीच्या पार्किंगचा लहानसा स्टिकर असेल, तर शाळेतले साधे खोडरबर पुरते. घासताना त्याचा चुरा काचेच्या खालच्या पट्टीत जाऊ नये म्हणून तिथे आधी कागद खोचावा.