रोमच्या सिनेटमधले 'पेडेरियन' म्हणजे नक्की कोण?

रंकाळा_वाचक:
नमस्कार मंडळी. करवीर नगर वाचन मंदिरात एक जुनी इंग्रजी डिक्शनरी चाळताना पेडेरियन असा शब्द घावला, अर्थ दिलाय खालच्या दर्जाचा रोमन सिनेटर, आणि पुढं 'आता वापरात नाही', बास. सिनेट म्हणजे रोमचा कारभार ठरवणारी सभा, ते म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं सिसेरो, केटो असली भाषणं ठोकणारी माणसं येतात. मग हे खालचे म्हणजे कोण, यांना मत होतं का नुसतं बसायला यायचे? कुणी नीट सांगंल का?

शाहूपुरी_इतिहास:
मत होतं की, पूर्ण मत होतं. फक्त बोलायची पाळी यायची नाही. तिथं बोलायचा नंबर हुद्द्याप्रमाणं लागायचा, आधी कॉन्सल होऊन गेलेले, मग प्रेटर झालेले, मग एडाईल, ट्रिब्यून आणि शेवटी क्वेस्टर (ही सगळी रोमची सरकारी पदं, कॉन्सल सगळ्यात वरचं), आणि सूर्य मावळल्यावर केलेला ठराव कायदेशीर धरत नसत, म्हणजे मोठ्या लोकांची भाषणं लांबली की मागच्यांपर्यंत कोण पोचणार. मग मतदानाला अध्यक्ष सांगायचा, हे मान्य असणाऱ्यांनी इकडं या, बाकीच्यांनी तिकडं जा. जाग्यावरनं उठून ज्याचं पटलं त्याच्या बाजूला चालत जायचं. लॅटिनमध्ये पेडिस म्हणजे पायाचा, म्हणून हे पेडारी, पायानं मत देणारे, त्यावरनंच इंग्रजीत पेडेरियन. पुढं इ.स.पू. ८१ च्या सुमारास सुल्ला या हुकूमशहानं दरवर्षी २० क्वेस्टर थेट सिनेटमध्ये घ्यायला सुरुवात केली, सभासद ३०० चे ६०० च्या आसपास गेले, मग मागच्या रांगा किती वाढल्या असतील बघा.

जुनी_पानं:
वरचं बरोबर आहे पण एक जोडतो, या नावाबद्दल खुद्द रोमन लोकांतच एकमत नव्हतं. दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस या रोमन लेखकानं यावर एक छोटं प्रकरणच लिहिलंय. त्यात गावियस बास्सस नावाचा लेखक म्हणतो, मोठी पदं भूषवलेले रथातनं सिनेटला यायचे आणि बाकीचे पायी, म्हणून पेडारी. वॅरो हा रोमन विद्वान तिसरंच सांगतो, सेन्सरनं (सिनेटची यादी करणाऱ्या अधिकाऱ्यानं) अजून यादीत न घेतलेल्या लोकांशी संबंध जोडतो. मला स्वतःला चालत मत द्यायचा अर्थच पटतो, कारण गेलियसनं तिथंच लाबेरियस नावाच्या नाटककाराची ओळ दिलीय, जीभ नसलेलं डोकं म्हणजे पेडारी मत.

उत्तरेश्वर_पेठ:
भावांनो, ती ओळ भारी आहे पण त्यावरनं ही माणसं बिनकामाची होती असं समजू नका. इ.स.पू. ५० चा डिसेंबर घ्या. सीझर आणि पॉम्पी या दोन सेनापतींकडं फौजा, यादवी युद्ध दारात. क्युरिओ या ट्रिब्यूननं ठराव टाकला की दोघांनीही फौजा सोडाव्यात. मतं पडली ३७० बाजूनं, २२ विरोधात! आता ३७० म्हणजे सगळे काय बडे नेते नव्हते, त्यात मागच्या बाकावरचेच जास्त असणार, ज्यांना लढाई नको होती. पण कॉन्सल मार्सेलसनं सभाच उठवली आणि पुढं सिनेटचा ठराव नसताना पॉम्पीच्या हातात तलवार दिली, म्हणजे सीझरविरुद्ध लढायला सांगितलं. महिन्याभरात सीझर इटलीच्या सीमेवरची रुबिकॉन नदी ओलांडून फौजेसह आला. एवढ्या लोकांनी उठून स्पष्ट सांगितलेलं, ते ऐकलं असतं तर? मला हा प्रसंग वाचताना दरवेळी वाईट वाटतं.

रंकाळा_वाचक:
लई धन्यवाद सगळ्यांना, ३७० विरुद्ध २२ हे माहीतच नव्हतं. एकच विचारतो, पुढं बादशहा आल्यावर यांचं काय झालं?

शाहूपुरी_इतिहास:
पहिला बादशहा ऑगस्टस, त्यानं हजारावर फुगलेलं सिनेट परत ६०० वर आणलं. पेडारी राहिले, पण दिवस बदलले. त्याच्यानंतरचा बादशहा टायबेरियस याच्या काळाबद्दल रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की बड्यांबरोबर कितीतरी पेडारीसुद्धा चढाओढीनं उठून लाजिरवाणे, अतिरेकी ठराव मांडायचे. म्हणजे आता बोलायला मिळत होतं, पण ते खुशामतीसाठी. आणि टायबेरियस स्वतः सभेतनं बाहेर पडताना ग्रीकमध्ये म्हणायचा म्हणे, गुलामीला काय तयार आहेत ही माणसं! टॅसिटसच्या अ‍ॅनल्स या पुस्तकाचा तिसरा भाग, ६५ वं प्रकरण, इंग्रजी भाषांतर नेटवर फुकट आहे, तेवढं पान तरी वाचाच.