जुनी जर्मन गाडी: पांढरा हत्ती की आळशी मालक?

सव्वातीनचा_पाना: ‘दहा वर्षांपुढची युरोपीय गाडी म्हणजे दारात बांधलेला पांढरा हत्ती’ असं डिझेलदासांनी कालच्या पोस्टमध्ये ठोकून दिलंय. बॉनेट कधी उघडलंय का? बीएमडब्ल्यूचं एम५४ पेट्रोल इंजिन घ्या. आतला धातूचा ऐवज दणकट, मरतं ते भोवतीचं कूलिंगचं प्लॅस्टिक. एक्स्पान्शन टाकी (कूलंटची जादा टाकी), थर्मोस्टॅट, होजची टोकं तापून तापून ठिसूळ होतात. लाखभर किलोमीटरला वॉटर पंपासकट सगळा संच एकदम बदला. एकेक पार्ट बदलत बसलात तर दर वेळी कूलंट काढा, हवा काढा, मजुरी तीच.

डिझेलदास: म्हणजे चालतं सामान फेकायचं! आणि बीएमडब्ल्यूच्याच एन४७ डिझेल इंजिनची टायमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारी साखळी) गिअरबॉक्सच्या बाजूला कोणी बसवली, मालकाने? चेन खुळखुळली की इंजिन नाहीतर गिअरबॉक्स उतरवा.

सव्वातीनचा_पाना: एन४७ घेऊच नका, ते दिलं तुम्हाला. पण एन५२ पेट्रोल इंजिनचं ऑइल फिल्टर हाउसिंग बघा. साधं गॅस्केट (जोडावरची रबरी पट्टी) कडक होतं, तेल खालच्या बेल्टवर झिरपतं, बेल्ट सुटतो आणि त्याच्या चिंध्या क्रँकचं पुढचं सील फोडून आत जातात. गॅस्केट वेळेत बदललं असतं तर इंजिन वाचलं असतं. यात हत्ती कुठे दिसतो?

गिअरतेल: मूळ दुखणं वेगळंच आहे. झेडएफ या जर्मन कंपनीच्या ६एचपी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला गाडी कंपन्या ‘लाइफटाइम तेल’ म्हणतात. बॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षांनी ते बदला सांगते. लाइफटाइम कुणाचं, वॉरंटीचं?

डिझेलदास: जुन्या बॉक्सचं तेल बदललं की तो घसरायलाच लागतो, राव. गॅरेजमध्ये कुणालाही विचारा.

गिअरतेल: घसरत होता म्हणूनच तेल बदलायला नेला! झिजलेला क्लच नव्या तेलाने बरा होत नाही. शिवाय प्रेशरने फ्लश मारला, म्हणजे दाबाने तेल ढकलून धुतला, तर साठलेला गाळ उठून व्हॉल्व्हबॉडीत (गिअरचं तेल वळवणाऱ्या झडपांच्या ठोकळ्यात) जातो. नुसतं ड्रेन करा, खालचा प्लग सोडून तेल गळू द्या. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि बॉक्समधल्या तेलाच्या जोडणीत) बरंचसं जुनं तेल उरतं, म्हणून थोड्या दिवसांनी पुन्हा एकदा. प्लॅस्टिक पॅनमध्येच फिल्टर असतो, तेव्हा पॅन अख्खा बदलायचा. मेकाट्रॉनिकची (बॉक्समधल्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटची) स्लीव्ह, म्हणजे वायरिंगच्या जोडाचं सील, त्याच वेळी बदला.

डिझेलदास: आणि लेव्हल? डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) तर दिलेलीच नाही.

गिअरतेल: गाडी सपाटीला, इंजिन चालू, सगळे गिअर एकदा फिरवून पार्कमध्ये. तेल ३० ते ५० अंशांत असताना फिल प्लगमधून (तेल भरायच्या भोकातून) बारीक धार यायला लागली की प्लग बंद. तापमान गाडीला जोडायच्या स्कॅनरवर बघायचं, हात लावून नाही. आणि ड्रेनच्या आधी फिल प्लग सोडवा. तो जाम निघाला आणि तेल आधीच सांडलेलं असलं तर गाडी जागेवरून हलणार नाही.

डिझेलदास: बरं बाबा, तेल बदलावं. फक्त तेल बदलायला स्कॅनर लागणाऱ्या गाडीला ‘हत्ती’ नको, तर दुसरा प्राणी सुचवा.

सव्वातीनचा_पाना: धागा कूलिंगचा होता हो!